ती टिक काढायची राहिली होती

हरेश,

तुझ्या शोकसभेच्या बॅनरवर तुझ्या नावाखाली 'रिक्ततेचा भाष्यकार' असं छापलं होतं. मी हॉलच्या गेटपाशी उभी राहून ते वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. तू असतास तर त्याचा फोटो काढून मला पाठवला असतास आणि खाली लिहिलं असतंस, 'मॅडम, यातली चूक काड.' चूक नव्हती. वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी होतं. तेच तर वाईट होतं.

मासिकाच्या संपादकांनी मला तुझ्यावर लिहायला सांगितलंय. 'हृद्य असू द्या,' म्हणाले. मी 'बघते' म्हटलं. हृद्य लिहिणारे बरेच आहेत, त्यांतले काही सभेत मंचावरच होते. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं टाकून निघून जाण्याची तुझी सवय जुनीच, पण याआधी तू निदान परत यायचास. आता पहिल्यांदाच मी बोलत असताना तू मला मध्ये तोडणार नाहीस, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

छातीत दुखतंय म्हणून तू सोडा प्यायलास. तुझ्या धाकट्या बहिणीने, जयूने सांगितलं. वर म्हणालास, 'गॅस हाय, जाईल.' रंग, रेषा, शून्य, शहर, सगळ्यांवर तासतासभर बोलणारा माणूस स्वतःच्या छातीबद्दल एवढंच बोलला.

आपली सुरुवात कशी झाली ते लिहावं लागेल, कारण सभेत ती तीन वक्त्यांनी तीन प्रकारे सांगितली आणि तिन्हींत मी नव्हते. एका वक्त्याने सांगितलं की महागड्या सॉफ्टवेअरांची सत्ता नाकारण्यासाठी तू चित्रांसाठी जाणीवपूर्वक कॉम्प्युटरमधलं फुकटचं पेंट निवडलंस. हरेश, आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसरं काही नव्हतंच. जासईच्या पुढे, कंटेनर यार्डांच्या रांगेत, एका जुन्या कंटेनरला खिडकी पाडून केलेलं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या मालाचे कागद आपण भरायचो. इंटरनेटची लाईन गेली की काम बंद. त्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ होता, तो शेठनी काढून टाकला. पेंट काढलं नाही, कारण ते काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं. तुझ्या सत्ता नाकारण्याचा इतिहास एवढाच आहे.

तू कुठूनतरी एक क्रिकेटचा गेम आणलास. तो चालवायचास, मध्येच थांबवायचास, स्क्रीनचा फोटो घेऊन पेंटमध्ये चिकटवायचास आणि त्यातला अंपायर कापून काढायचास. बोटभर उंचीचा, चौकोनी ठिपक्यांचा अंपायर.

"खेळाडू सोडून अंपायर का?" मी विचारलं.

"बाकी सगले पलत असतात गो. यो एकटाच गप उबा हाय. आपल्यासारका."

मग तू त्याची टोपी खोडून डोक्यावर पिवळं हेल्मेट बसवलंस. पांढऱ्या कोटात नारिंगी रंग ओतून यार्डातलं जॅकेट केलंस. झाला बाळाराम. त्याचीच नक्कल करून जॅकेट हिरवं केलंस. झाला हिराजी. एकदा काढायचं आणि मग आयुष्यभर चिकटवायचं, ही तुझी कार्यपद्धती. मागे पार्श्वभूमीला कंटेनर, कारण पेंटमध्ये चौकोन काढायला अक्कल लागत नाही आणि खिडकीबाहेर दुसरं काही दिसत नव्हतं. या दोघांवर आपण केलेल्या कॉमिकचं नाव 'एमटी'. बंदरावर रिकाम्या कंटेनरला कोणी रिकामा म्हणत नाही, एमटी म्हणतात. बाळाराम आणि हिराजी एमटी यार्डात कामाला होते, म्हणून 'एमटी'. यात रिक्तता आलीच, हे मला मान्य आहे. पण ती भाड्याची होती, रोज ट्रेलरवर चढून जायची.

गेममधल्या अंपायरला जेवढ्या खुणा येत होत्या तेवढ्याच बाळारामला आल्या. दोन्ही हात वर: सिक्सर. एक बोट वर: आउट. हात आडवे पसरलेले: वाईड. गुडघ्याला हात: लेग बाय. हलणारा हात: चौकार. यापलीकडे त्याला भावना नाहीत. शेठ आले, सिक्सर. आग लागली, सिक्सर. 'मला काय माहीत', वाईड. नमस्कार, पश्चात्ताप, पडलेलं पेन उचलणं, सगळं लेग बाय. माणसाच्या सगळ्या भावना तू त्या पाच खुणांत कोंबल्यास, आणि खरं सांगते, मावल्या. तुझ्या फाइलमध्ये एक सहावी खूणही होती. मनगटं कमरेखाली एकमेकांवरून नेलेली.

"ही कसली?"

"डेड बॉल."

"ती कुठे वापरणार?"

"र्‍हावदे. लागंल कदी."

ती कधीच लागली नाही.

पहिली स्ट्रिप मला अजून पाठ आहे. बाळाराम विचारतो, "या कंटेनरात काय हाय?" हिराजी बोट वर करून, "कागदावर पंखे." बाळाराम, "आनि आत?" हिराजी हात पसरून, "आत कागद." विनोद माझा होता, बोली तुझी. प्रिंट काढून आपण ती चहाच्या टपरीवर चिकटवली आणि दुरून बघत उभे राहिलो. एका ट्रेलर ड्रायव्हरने चहा पीत ती दुसऱ्याकडून वाचून घेतली, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाला, "ये हेल्मेटवाला पिया हुआ है क्या? आँख लाल है."

आपण धावत ऑफिसात आलो. चित्र मोठं करून पाहिलं. खरंच लाल होती. डोळ्यांच्या जागी मागच्या कंटेनरचा लाल रंग दिसत होता. कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. पेंटमध्ये कापलेलं चित्र चिकटवताना 'ट्रान्सपरंट'ची टिक असली की त्यातला पांढरा रंग गायब होतो. तुला बाळारामभोवतीचं पांढरं गायब करायचं होतं. कोट तू रंगवला होतास. डोळे रंगवायचे राहिले. मग भोवतीच्या पांढऱ्याबरोबर डोळ्यांतलं पांढरंही गेलं आणि कवटीला आरपार दोन भोकं पडली.

"हरेश, ती टिक काढ."

"मंग सगल्या अंगाभोवती पांढरा डबा येतो."

"मग डोळे किंचित पिवळट कर. पिवळट रंग गायब होणार नाही."

"कावील होईल त्याला."

एवढंच कारण होतं, हरेश. आळस आणि कावीळ. दुसऱ्या दिवशी मागे निळा कंटेनर आला. त्याच ड्रायव्हरने मान हलवून निदान केलं, "आज उदास है." बाळारामच्या डोळ्यांचा तो पहिला समीक्षक. पुढे जे जे आले ते हेच म्हणाले, फक्त त्यांना पानं जास्त लागली.

मला त्या दिवसांचा राग नाही. राग यावा असं त्यांत काही नव्हतं, एक तुझा 'न' सोडला तर. पेंटमध्ये अक्षरं टाईप करून बाहेर क्लिक केलं की ती चित्र होऊन बसतात, मग खोडल्याशिवाय सुधारता येत नाहीत. तू 'पानी' लिहून मोकळा व्हायचास. मी एका वेगळ्या फाइलमध्ये नुसते ण आणि ळ साठवून ठेवले होते, लहान-मोठ्या आकारांत. तू जेवायला गेलास की मी एकेक ण उचलून तुझ्या न वर बसवायची. तू यायचास, बघायचास, जयूला हाक मारायचास. जयू दुपारी टायपिंगचा सराव करायला आपल्या ऑफिसात यायची आणि आपल्याला खुर्चीवरून उठवायची.

"जयू, बग. उरनच्या मोहल्ल्यातली पोरगी आमचा मराठी सुदारते."

"मग मोहल्ल्याबाहेरच्यांनी सुधारायचं होतं," मी म्हणायची.

"दादा, तुमी दोगं भांडा बाहेर जाऊन," जयू म्हणायची. "माजी परीक्षा हाय."

तू न परत बसवायचास. मी ण. एका स्ट्रिपमध्ये तर बाळाराम पहिल्या चौकटीत 'पाणी' म्हणतो आणि दुसरीत 'पानी'. पुढे एका प्राध्यापकांनी त्यावर लिहिलं, की इथे प्रमाणभाषा आणि बोली यांच्यातला तणाव दिसतो. तणाव होताच. तो जेवणाच्या सुट्टीत व्हायचा.

शेठ बोलायला लागले की तू त्यांच्या पाठीमागे उभा राहून अंपायर व्हायचास. शेठ म्हणायचे, "हे ऑफिस म्हणजे आपलं कुटुंब आहे," आणि मागे तुझे दोन्ही हात आडवे पसरलेले. वाईड. मी हसू दाबताना जीभ चावायची. जयूही टाईप करताना मान खाली घालून खांदे हलवायची. बाळारामच्या पाच खुणांवर आपण तिघं वर्षभर न बोलता बोलू शकत होतो.

आणि अब्बा गेले तेव्हा. तू घरी आलास, पुरुषांच्यात बाहेर बसलास, गेलास. मी कामावर परतले त्या दिवशी टपरीवर नवी स्ट्रिप होती. एकच चौकट. बाळाराम गुडघ्याला हात लावून वाकलेला. बोलण्याचा फुगा नाही, हिराजी नाही, कंटेनरही नाही. मागे नुसता कोरा कागद. त्यामुळे त्याचे डोळे पांढरे दिसत होते. बाळारामचे डोळे जन्मात एकदाच बरोबर आले, कारण त्या दिवशी मागे काही नव्हतं. तू ते मुद्दाम केलंस की कंटेनर काढायचा कंटाळा आला, हे मी कधी विचारलं नाही. तुझ्या सगळ्या चित्रांतलं हे एकच असं आहे ज्याचा अर्थ सांगायला मी कुठल्याही मंचावर उभी राहिले असते. त्यावर सभेत कोणी बोललं नाही. ते कोणाकडे नाहीच. टपरीवर पावसात भिजून गेलं.

मग बिघडलं. कसं बिघडलं ते मला नीट आठवतं, कारण मी तिथे होते आणि हसत होते. आपण 'एमटी' इंटरनेटवर टाकायला लागलो होतो. पुण्याच्या एका वाचकाने लिहिलं, 'कामगाराच्या डोळ्यांतून आरपार बंदर दिसतं. त्याची स्वतःची नजर व्यवस्थेने काढून घेतली आहे.' आपण इतके हसलो की शेठ आत येऊन विचारून गेले कोण वारलं. तू उत्तर टाईप केलंस, 'बरोबर ओळखलंत.' माझ्याकडे बघून हात पसरलेस. वाईड. मीही पसरले.

मग पुढच्याने विचारलं, त्यालाही 'बरोबर ओळखलंत.' मग एका कॉलेजने बोलावलं. ऑफिस बंद पडलं, मी ऐरोलीला एका कंपनीत मशिनांची माहितीपत्रकं लिहायला लागले, 'लाल बटण दाबण्यापूर्वी झाकण बंद असल्याची खात्री करा.' तू शिकवायला लागलास. लांब कुडता आला. तू 'चित्र काढतो' म्हणायचं सोडलंस, 'अवकाश हाताळतो' म्हणायला लागलास. आणि ज्या ण साठी मी इतकी वर्षं पदरचं खाऊन राबले, तो ण मला असा दाखवलास! 'जाणीव' म्हणताना भाषणात तू तो इतका दाबायचास की पहिल्या रांगेला लागावा. मंचावर ण, आणि खाली उतरून फोनवर, 'कुटं हाय तू? चल, चा पिऊ.' मी तुझ्याशी चहा प्यायचे तो फक्त त्या न साठी.

वाशीच्या त्या व्याख्यानाला मला बोलावायला नको होतंस. विषय 'आरपार'. पडद्यावर बाळारामचे डोळे भिंतीएवढे. तू म्हणालास, "हे डोळे मी रिकामे ठेवले, कारण ते भरण्याचा अधिकार मला नव्हता." माझ्या शेजारचे गृहस्थ डायरीत हे वाक्य उतरवून घेत होते. मी उठून बाहेर आले. चहाच्या वेळी तू मला गाठलंस.

"कावीळ होईल म्हणाला होतास," मी म्हटलं.

"तेव्हा मना कलला नव्हता मी काय करतंय ते."

"आता कळलं?"

"कलावंताला मागून कलतं, मॅडम."

"चूक करणाऱ्याला मागून कळतं. तू आत जा आणि सांग की टिक काढायची राहिली होती."

तू इकडेतिकडे पाहिलंस. मग हसणं सोडून बोललास, पहिल्यांदाच. "तू सांग ना उटून. मी नाय अडवत. जासईचा पोरगा कामाच्या टायमाला पेंटमंदी गंमत करत होता, त्याला कोन बोलवतंय भाषनाला? डोल्यांतनं बंदर दिसला म्हनून बोलवतात. तुजा काय जातंय गो?"

तुझी ती बाजू मला तेव्हाही कळली होती. दार उघडं दिसलं, तू आत गेलास. त्या दारावर पाटी चुकीची होती, एवढं तुला दिसत नव्हतं असं नाही. पण तू विचारलंस ते विचारायला नको होतं. माझं काय जात होतं? शेठना अर्थ होता, कागदांना अर्थ होता, अब्बांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्यांना अर्थ होता. आपल्या सगळ्या दिवसभरात एकच गोष्ट अशी होती जिला काही अर्थ नव्हता, ते बाळारामचे डोळे. ते आपल्या तिघांचे होते. तू ते वाटून टाकलेस, आणि वाटताना 'मी रिकामे ठेवले' म्हणालास. मी!

त्यानंतर मी विनोद द्यायचं बंद केलं. फुग्यांतलं तू स्वतः लिहायला लागलास आणि बाळाराम विचार करायला लागला. मी ऐरोलीच्या कॅन्टीनमध्ये फोनवर ते बघायची. हिराजी विचारतो, 'आत काय आहे?' बाळाराम म्हणतो, 'आत असणं आहे.' हरेश, तो यार्डाच्या गेटवरचा माणूस होता. आत काय आहे याची त्याला यादी द्यावी लागत होती.

शेवटचा फोन तुझाच होता. घसा बसलेला, पण न शाबूत.

"रुबी, एक जोक दे गो. बालाराम किती दिवस नुसता उबा हाय."

"आधी टिक काढ."

"म्हातारी झाली तरी टिक सोडत नाय."

"तू सोडलीस म्हणून."

तू हसलास. मी हसले नाही. तुझा निरोप न घेता फोन ठेवला आणि माहितीपत्रकाकडे वळले. आता सगळ्यांना वाटतं की मला याचं वाईट वाटत असेल. जयूने विचारलंही. वाईट कशाचं? तू उद्या परत फोन केलास तर मी तेच उत्तर देईन. करून बघ.

तू गेल्याचं कळवायला जयूने फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. रडून झालं असावं. ती आता उरणला शाळेत शिकवते, तिच्या हाताखालून पोरं टायपिंग शिकून जातात.

"मॅडम, सभेत तुमी बोलायचं."

"मी भांडेन, जयू."

"मंग भांडा. बाकीचे बोलतील ते मना समजनार नाय. घरातला एक तरी मानूस बोलाया पायजे."

म्हणून मी आले. लवकर आले, कारण मंचावर काय काय उभं केलंय ते बघून थोडा राग आधीच काढून घ्यावा म्हटलं. मंचावर बाळाराम उभा होता. माणसापेक्षा उंच, जाड फोमच्या तक्त्यावर छापून कापलेला, गळ्यात झेंडूचा हार. ठिपके गुळगुळीत केले होते, हेल्मेटला चकाकी आणली होती. आणि डोळे पांढरे. शुभ्र, भरलेले, वर बुबुळाशेजारी प्रकाशाचा ठिपका. जाहिरातीतल्या बाळासारखे.

मंचाखाली एक तरुण मुलगी लॅपटॉप आवरत होती. तिने हे छापून घेतलं होतं.

"डोळे तू भरलेस?"

"हो मॅम. ओरिजिनल फाइलमध्ये आय एरिया ट्रान्सपरंट राहिला होता. एरर होता. मी फिक्स केला."

"एरर होता हे तुला कोणी सांगितलं?"

"दिसतंच ना, मॅम."

ज्या वाक्यासाठी मी तुझ्याशी अर्धं आयुष्य भांडले, ते एका अनोळखी मुलीने च्युइंगम चघळत मला देऊन टाकलं. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं, पूर्ण उंचीत, हारासकट. मी जिंकले होते. मी वर बघितलं. तो बाळाराम नव्हता. तो कोणीतरी नीटनेटका माणूस होता. तो कधी प्यायलेला नव्हता, कधी उदास झाला नव्हता, आणि त्याला मी ओळखत नव्हते.

फुलवाला मंचाच्या कडेला हार बांधत होता. मी त्याचा कटर मागितला.

"कशाला, मॅडम?"

"एक चूक दुरुस्त करायचीय."

खुर्ची ओढली, साडी खोचली आणि वर चढले. तक्ता जाड होता, डावा डोळा थोडा वाकडा आला. मागून त्या मुलीचा आवाज, "मॅम! मॅम, एरर परत येतोय!"

"येऊ दे," मी म्हटलं.

दोन पांढरे चौकोन निघाले. ते मी पर्समध्ये टाकले. भोकांतून मागचा मखमली पडदा दिसायला लागला. पडदा लाल होता. बाळाराम स्वतःच्या मालकाच्या शोकसभेला पिऊन आला होता.

मग हॉल भरला. प्रमुख पाहुणे माइकपाशी आले, बाळारामकडे वळून थांबले, आणि त्यांना ती भोकं दिसली. ते म्हणाले, "संयोजकांच्या कल्पकतेला दाद द्यायला हवी. डोळे कापून टाकले आहेत. कलावंत गेला, नजर गेली." संयोजकांनी मान खाली घालून दाद स्वीकारली. ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

माझी पाळी आली. मी बरंच लिहून नेलं होतं, त्यात कावीळ होती, ट्रेलर ड्रायव्हर होता, शेठ होते. माइकसमोर उभी राहिले आणि ते सगळं विसरले नाही, नकोसं झालं. तू म्हणाला होतास ना, तू सांग उठून, मी नाही अडवत? मी सांगितलं.

"हरेशने डोळे रिकामे ठेवले नव्हते. ती चूक होती. एक टिक काढायची राहिली होती, एवढंच."

टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढून, मग मागून. कोणीतरी 'वा' म्हणालं. प्रमुख पाहुण्यांनी डोळे मिटून मान डोलावली, 'एक टिक काढायची राहिली,' असं ते स्वतःशीच पुटपुटले. हे वाक्य आता पुढच्या पुण्यतिथीला बॅनरवर येणार. हरेश, खरं बोलून बघितलं. उपयोग होत नाही. तुझ्या लोकांना खरंसुद्धा चालतं, ते त्याचंही तेच करतात.

मी तुला शिव्या घालत पहिल्या रांगेकडे बघितलं. जयू बसली होती, दोन्ही बाजूंना आत्या, मांडीवर तुझा फोटो. टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिने फोटो अलगद आत्याच्या मांडीवर सरकवला आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत, ताठ, आडवे पसरले. डावा हात आत्याच्या चष्म्याला लागला. आत्या दचकली. जयूचे खांदे हलायला लागले, तसेच, टायपिंग करताना हलायचे तसे.

वाईड.

टाळ्यांना दिला की मला दिला, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी माइकसमोर उभी राहून हसले. लोकांना वाटलं मी रडतेय, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. ट्रेलरभर लोकांमध्ये आम्ही दोघीच अशा होतो की ज्यांना त्या डोळ्यांत काहीही दिसत नव्हतं.

तर भांडण संपलेलं नाही. तू चुकलास, हे मी वर येऊनही सांगेन, आणि तुझं 'मी रिकामे ठेवले' मी माफ केलेलं नाही. ते दोन पांढरे चौकोन माझ्या पर्समध्ये आहेत, किल्ल्यांना घासून मळायला लागलेत, किंचित पिवळट झालेत. आता हवे तर बसव, गायब होणार नाहीत. कावीळ झाली तर झाली.

आणि ती सहावी खूण आठवते ना, मनगटं कमरेखाली एकमेकांवरून? र्‍हावदे म्हणालास, लागंल कदी. आता लागलीय. दे डेड बॉल. हा चेंडू हिशेबात धरायचा नाही, हरेश. पुन्हा टाक.